पानं हिरवीगार, पण दांडा येत नाही: हिपिएस्ट्रम आणि निशिगंध, तक्रार एक, उपाय उलटे

कंद आणला, पहिल्या वर्षी झकास फुलला, दुसऱ्या वर्षी नुसती पानं आली. तिसऱ्या वर्षी पानं आणखी दाट झाली आणि फुलाचा पत्ता नाही. मग कोणी सांगतं खत वाढवा, कोणी सांगतं पाणी तोडा, कोणी म्हणतं कंद उपटून वेगळे करून लावा. यातला प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या झाडासाठी बरोबर असतो. गडबड एवढीच, की तो भलत्याच झाडाला दिला जातो.

ही तक्रार सगळ्यात जास्त दोन झाडांबद्दल ऐकू येते. एक हिपिएस्ट्रम, म्हणजे मोठ्या कर्ण्यासारख्या लाल, शेंदरी, पांढऱ्या फुलांचं, ज्याला बहुतेक जण अमेरिलिस किंवा नुसतं लिली म्हणतात. दुसरं निशिगंध, म्हणजे गुलछडी. दोन्ही एकदल, दोन्ही कंदवर्गीय, दोघांनाही लांबट पानं, दोघांचीही फुलं उंच दांड्यावर. त्यामुळे दोघांना एकाच पद्धतीने वाढवायचा मोह होतो आणि तिथेच गणित चुकतं. हिपिएस्ट्रम फुलत नसेल तर बहुतेक वेळा त्याला जास्त छेडलेलं असतं किंवा उपाशी ठेवलेलं असतं. निशिगंध फुलत नसेल तर बहुतेक वेळा त्याला वर्षानुवर्षं हातच लावलेला नसतो.

आधी झाड नक्की कुठलं ते बघा

फूल असताना प्रश्नच नाही. पण तक्रारच फूल नसल्याची आहे, तेव्हा पानांवरून ओळखावं लागतं. हिपिएस्ट्रमची पानं पट्ट्यासारखी रुंद, साधारण अडीच ते पाच सेंटीमीटर, जाडसर आणि समोरासमोर दोन रांगांत निघालेली असतात. वरून पाहिलं तर पानांचा पंखा उघडल्यासारखा दिसतो. कंद मोठा, कांद्यासारखा पापुद्र्यांचा, आणि नीट लावलेला असेल तर त्याची मान मातीच्या वर दिसते. निशिगंधाची पानं गवताच्या जातीची वाटावीत इतकी अरुंद, साधारण एक-दीड सेंटीमीटरची, बुडाशी थोडी तांबूस छटा असलेली, आणि जमिनीलगत चहूबाजूंनी झुपक्याने पसरलेली. कंद लहान, लांबट, आणि एकटा जवळजवळ कधीच नसतो. खाली एकमेकांना चिकटलेल्या कंदांचा गड्डा असतो.

वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात दोघं एकाच गणातली, पण कुळं वेगळी. हिपिएस्ट्रम अमेरिलिडेसी कुळातलं, दक्षिण अमेरिकेचं. निशिगंध मेक्सिकोचा, आणि तो चक्क घायपाताच्या प्रजातीत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) जातो. जुन्या पुस्तकांत त्याचं नाव पोलिआन्थेस ट्यूबरोझा असं सापडेल, आता त्याला अगावे अमिका म्हणतात. हे नुसतं नावांचं प्रकरण समजू नका. घायपात आयुष्यात एकदाच फुलतो आणि फुललेला खोडाचा शेंडा तिथेच संपतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना निशिगंधाचं निम्मं कोडं इथेच सुटेल.

नावांचा खरा त्रास हिपिएस्ट्रमच्या बाबतीत होतो. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये अमेरिलिस हे नाव वापरलं ते नेमकं कुठल्या झाडाला, यावर पुढे दोन शतकं वाद चालला. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हर्बर्टने १८२१ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या झाडांसाठी हिपिएस्ट्रम ही वेगळी प्रजाती मांडली. अमेरिलिस हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या झाडाचंच, हे १९८७ च्या बर्लिनमधल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत पक्कं झालं. बाजारातल्या पाकिटावर मात्र अजूनही अमेरिलिसच छापलेलं असतं. याचा तुम्हाला होणारा त्रास असा: अमेरिलिस शोधून मिळालेला सल्ला कधीकधी त्या आफ्रिकी झाडाचा असतो. ते पानं पूर्ण झडल्यावर उघड्या जमिनीतून फुलतं, त्याला कडक उन्हाळी कोरडेपणा लागतो आणि त्याचा दांडा भरीव असतो. तुमच्या कुंडीतल्या झाडाचा जुना दांडा कापलेला आठवत असेल आणि तो आतून पोकळ होता, तर ते हिपिएस्ट्रम. आफ्रिकेच्या झाडाचे नियम त्याला लावू नका.

दांडा कुठून येतो, यावर सगळं अवलंबून आहे

निशिगंधाचा दांडा झुपक्याच्या मधोमध निघतो. म्हणजे ज्या कोंबातून नवीन पानं येत होती, तोच कोंब दांडा होऊन वर गेला. आता त्या कंदाकडे वाढायला शेंडाच उरला नाही. फुलं संपली की तो कंद सुकत जातो. पुढचं फूल देतात ती त्याच्या आजूबाजूला फुटलेली पिल्लं, तीही पुरेशी मोठी झाल्यावरच. एक कंद, एक दांडा, संपलं.

हिपिएस्ट्रमचा दांडा पानांच्या जुडग्याच्या कडेने, कंदाच्या मानेच्या एका बाजूने वर येतो. मधला कोंब पुढे पानं देत राहतो. हा कंद आत एक ठरलेला क्रम चालवतो: साधारण चार पानं, मग एक फुलकळी, पुन्हा चार पानं, पुन्हा कळी. म्हणून तोच कंद नीट सांभाळला तर वर्षानुवर्षं फुलतो आणि जाड होत जातो.

एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचे उपाय आपोआप सुचायला लागतात. निशिगंधात जुन्याला निरोप देऊन नव्याला जागा करून द्यायची असते, हिपिएस्ट्रममध्ये जुन्यालाच जपायचं असतं.

हिपिएस्ट्रम: नुसती पानं येतात तेव्हा

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकू. लोक म्हणतात, पाणी तोडून विश्रांती दिली की फूल येतं. अर्धं खरं आहे. आज वर येणारी कळी कंदात जवळपास वर्षभर आधी तयार झालेली असते. विश्रांतीने नवीन कळी जन्माला येत नाही. आत तयार असलेल्या कळीला वाढ संपवून वर येण्याचा इशारा तेवढा मिळतो. आत कळीच नसेल तर कितीही ताण द्या, कंद सुरकुतेल आणि पाणी सुरू केल्यावर पुन्हा पानंच देईल.

पहिल्या वर्षी फूल का आलं, याचं उत्तरही यातच आहे. ते फूल तुमचं नव्हतं. ज्या माणसाने तो कंद शेतात वाढवला, भरपूर उन्हात आणि खतावर पोसला, त्याने ती कळी आत भरून पाठवली होती. तुमची परीक्षा फूल गळल्यानंतर सुरू झाली आणि नेमक्या त्याच वेळी बहुतेक कुंड्या बघायला कोणी नसतं म्हणून कोपऱ्यात, सावलीत ढकलल्या जातात.

म्हणून तपासणीची सुरुवात मोजमापाने करा. फुलं संपल्यावर कंदाच्या सगळ्यात जाड भागाभोवती दोरा गुंडाळून घेर मोजा आणि लिहून ठेवा. फुलताना कंद आतला साठा खर्चून थोडा आटतो, त्यामुळे तो आकडा कमी दिसेल. पानांचा हंगाम संपताना पुन्हा मोजा. घेर वाढलेला असेल तर पुढच्या वर्षी दांड्याची आशा ठेवायला हरकत नाही. तेवढाच असेल किंवा घटला असेल, तर कारण शोधायला विश्रांतीकडे जाऊ नका, पोटापाण्याकडे बघा. मोठ्या फुलांच्या संकरित जातींचा कंद साधारण वीस सेंटीमीटर घेराच्या पुढे गेला की भरवशाचा होतो. त्याहून बराच लहान असेल तर तो अजून वाढतोय, फुलायचं त्याचं वयच नाही. लहान फुलांच्या जाती याहून कमी घेरातही फुलतात.

पानं मोजण्याची सोपी पद्धतही आहे. हंगामभरात तीन-चारच पानं निघाली तर आत एखादी कळी जेमतेम बनली असेल, आणि साठा अपुरा असेल तर ती आतच वाळून जाते. सात-आठ धडधाकट पानं निघाली तर गोष्ट वेगळी. कंद उभा चिरला तर अशी आतच मेलेली तपकिरी, कागदासारखी कळी दिसते. पण त्यासाठी चांगला कंद चिरून बघण्यात काही शहाणपणा नाही. फेकायला निघालेला एखादा असेल तर जरूर बघा, चार-चार पापुद्र्यांच्या हिशेबाने बसलेल्या कळ्या पाहून हा प्रकार कायमचा समजतो.

आता पोटापाण्याचं. ऊन हे पहिलं. खिडकीच्या आतला उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, झाडाला तो अपुरा असतो. पानं लांब, मऊ आणि लोळणारी असतील तर उजेड कमी पडतोय हे नक्की. फुलं गेल्यावर कुंडी हळूहळू बाहेर काढा, आधी सकाळचं कोवळं ऊन, मग दिवसातून किमान चार ते सहा तास थेट ऊन. एकदम कडक उन्हात नेली तर पानं भाजतात. भाजलेलं पान म्हणजे कमी झालेला स्वयंपाकघराचा एक हात.

फूल सुकलं की फक्त फुलाचा आणि बीजकोषाचा भाग काढा. हिरवा दांडा पिवळा पडेपर्यंत राहू द्या, तोही पानांसारखंच अन्न बनवतो. आणि हिरवी पानं कापू नका, बांधू नका, वेणी घालू नका. कुंडी नीटनेटकी दिसावी म्हणून केलेला हा उद्योग पुढच्या वर्षीच्या फुलाच्या मुळावर येतो. वाढीच्या काळात दर दोन-तीन आठवड्यांनी संतुलित खत सौम्य करून द्या. हंगामाच्या उत्तरार्धात नत्र कमी करून पालाशाकडे झुकतं माप ठेवा. नुसतं नत्र मारत राहिलं तर पानं दिसायला देखणी होतात आणि तक्रार तीच राहते.

पुढचा मुद्दा मुळांचा, आणि माझ्या मते सर्वात जास्त कंद इथे बिघडतात. हिपिएस्ट्रमची मांसल मुळं एका हंगामापुरती नसतात, ती जुनी होऊनही काम करतात. दरवर्षी कंद उपटून, मुळं झटकून, कापून, नव्या मातीत लावण्याची सवय असेल तर ती सोडा. प्रत्येक वेळी झाड आपला साठा आधी मुळं उभी करण्यात घालवतं. कुंडी तीन-चार वर्षांतून एकदा बदलली तरी चालते. मधल्या वर्षांत वरचा तीन-चार सेंटीमीटर मातीचा थर खरवडून तिथे चांगलं कुजलेलं खत मिसळलेली ताजी माती घाला. कुंडीही फार मोठी नको, कंदाच्या कडेपासून कुंडीच्या कडेपर्यंत दोन-तीन बोटं जागा पुरे. मोठ्या कुंडीत माती जास्त, मुळं कमी, मग ओल रेंगाळते आणि बूड सडतं. कंद लावताना त्याचा वरचा निदान एक तृतीयांश भाग मातीबाहेर ठेवा. मानेत पाणी साचलं की सड तिथून आत उतरते.

पिल्लांचं काय? कडेला आलेली पिल्लं आईच्याच खताखाण्यावर वाढतात. दोन-तीन असतील तर राहू द्या. कुंडी भरून गेली असेल आणि मोठा कंद बारीक होत चालला असेल तर पिल्लं वेगळी करा. मात्र पिल्लाला स्वतःची मुळं फुटल्यावर, हाताने हलकं वाकवून. पिल्लू फुलायला दोन-तीन वर्षं घेईल, त्यावर इतक्यात डोळा ठेवू नका.

एवढं सगळं नीट असेल तरच विश्रांतीचा विचार. पानांचा हंगाम संपत आला की पाणी हळूहळू कमी करत बंद करा. पानं स्वतःहून पिवळी पडून सुकू द्या. मग कुंडी कोरड्या, सावलीच्या, शक्य असेल तर दहा ते तेरा अंशांच्या आसपासच्या जागेत आठ-दहा आठवडे ठेवा. एवढा थंडावा मिळत नसेल तर नुसता कोरडेपणाही बऱ्यापैकी काम करतो, फक्त दांडे जरा मागेपुढे येतात. घरचा फ्रिज या कंदाला जास्तच गार पडतो, आणि त्यात पिकणारी फळं असतात. फळांतून सुटणारा इथिलीन वायू आतली कळी मारू शकतो. काही जाती, उदाहरणार्थ फुलपाखरासारख्या फुलांची हिपिएस्ट्रम पॅपिलिओ, पानं टाकतच नाहीत. त्यांना पूर्ण कोरडं करू नका, पाणी फक्त आटोक्यात आणा.

विश्रांतीनंतर आधी पान दिसलं म्हणून लगेच निराश होऊ नका. कधी पान आधी, कधी कळी आधी. पानाचं टोक चपटं आणि पातळ असतं. कळीचं टोक फुगीर, जाडसर, आणि ती मानेच्या बाजूने डोकावते. दोन-तीन पानं आल्यानंतरही दांडा निघाल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

निशिगंध: गड्डा उघडल्याशिवाय उत्तर नाही

निशिगंधाबाबत फार चर्चा करत बसण्यापेक्षा खुरपं घेतलेलं बरं. जो झुपका दोन-तीन वर्षं एका जागी आहे आणि फुलत नाही, तो पानं पिवळी पडायला लागल्यावर सबंध उकरून काढा आणि माती झाडून बघा.

मधोमध एक-दोन वाळके, पोकळ झालेले कंद असतील. त्यांच्या वरच्या टोकाला जुन्या दांड्याचा सुकलेला, तंतुमय खुंट असेल. हे फुलून गेलेले. त्यांना कितीही खत दिलं तरी दुसरा दांडा येणार नाही. त्यांच्याभोवती डझनावारी पिल्लं, करंगळीच्या पेराएवढी किंवा त्याहून बारीक, एकमेकांना दाबून वाढलेली असतील. प्रत्येक पिल्लाने आपापली पानं वर काढली म्हणून झुपका वरून भरगच्च दिसत होता. पण फुलण्याइतका जाड त्यात एकही नव्हता. झुपका जितका दाट, तितकी फुलाची शक्यता कमी, असा हा उलटा प्रकार आहे.

उपाय सरळ आहे. गड्डा हातांनी फोडा. वाळलेले कंद टाकून द्या. उरलेल्यांचे दोन ढीग करा: दोन सेंटीमीटर किंवा त्याहून जाड असलेले एकीकडे, बारीक दुसरीकडे. दीड सेंटीमीटरच्या आसपासचे कंदही कधी फुलतात, पण त्यांच्यावर विसंबू नका, दांडा आला तरी आखूड आणि फुलं थोडी. मोठे कंद सावलीत, हवेशीर जागी पसरून सुकवा आणि चार-सहा आठवडे तसेच कोरडे राहू द्या. मग टोक वर ठेवून, चार-पाच सेंटीमीटर खोल, दोन कंदांत वीतभर अंतर ठेवून लावा. बारीक पिल्लं वेगळ्या वाफ्यात किंवा कुंडीत लावून एक हंगाम पोसायची. त्यांच्याकडून यंदा फक्त जाडी मागा.

इथे हिपिएस्ट्रमपेक्षा मोठा दिलासा आहे. निशिगंधाची कळी वर्षभर आधी बनून ठेवलेली नसते. कंद लावल्यावर, फुटून काही पानं आल्यानंतर, ती त्याच हंगामात तयार होते. म्हणजे मोठा, निरोगी कंद उबदार हवेत लावला तर साधारण तीन-चार महिन्यांत दांडा दिसायला हवा. हिपिएस्ट्रमला आज सुधारलेली चूक पुढच्या वर्षी फळते, निशिगंध याच हंगामात उत्तर देतो.

मात्र त्या तीन-चार महिन्यांत त्याचे लाड भरपूर असतात. ऊब हवी. माती गार असताना लावलेला कंद आठवडेच्या आठवडे गप्प बसतो, आणि वरून पाणी घालत राहिलं तर सडतो. पंधरा अंशांच्या खाली वाढ रेंगाळते, वीस ते पस्तीसच्या दरम्यान तो खुश. म्हणून कोंब दिसेपर्यंत माती जेमतेम ओलसर ठेवा, पानं आली की पाणी नियमित करा. ऊन दिवसाचे सहा तास तरी, जास्त मिळालं तर उत्तमच. आणि खायला हिपिएस्ट्रमपेक्षा कितीतरी जास्त लागतं. नत्रासकट सगळं. जो हात तिथे नत्रावर आखडता घ्यायचा, तो इथे पानं वाढीला लागल्यावर थोडा सैल सोडायचा. कोरडेपणाचा ताणही इथे वाढीच्या मधे चालत नाही. दांडा निघायच्या सुमारास पाण्याची ओढ बसली तर तो आखूड राहतो आणि वरच्या कळ्या न उमलता वाळतात.

फ्रिजचा सल्ला निशिगंधाला तर अजिबात देऊ नका. कंद साठवायचे तर कोरड्या, उबदार जागेत, हवा खेळेल अशा जाळीत. गार आणि दमट जागेत राहिलेले कंद बाहेरून ठीक दिसतात पण फुटत नाहीत, किंवा फुटले तरी दांडा देत नाहीत. विकत घेतानाही दाबून बघा: घट्ट, वजनदार, टोकाला हिरवट कोंब असलेला कंद घ्या. पोकळ लागणारा, हलका, बुडाशी बुरशी असलेला कितीही स्वस्त असला तरी नको. पाच-सहा बारीक कंद चिकटलेला गड्डा हा जास्त माल वाटतो, पण फुलाच्या हिशेबाने एक जाड, एकटा कंद त्याहून उजवा.

जिथे थंडीत जमीन गोठते तिथे निशिगंध दरवर्षी काढून ठेवावाच लागतो, त्यामुळे तिथल्या लोकांची विभागणी आपोआप होते. उबदार प्रदेशात तो जमिनीत बारा महिने तग धरतो, म्हणून कोणी उकरत नाही आणि झुपके बसून राहतात. तिथे दुसऱ्या, फार तर तिसऱ्या वर्षी उकरायचं, हा नियम धरून चाला.

दांडा आला, पण फूल बिघडलं

ही वेगळी तक्रार, पण नेहमी त्याच प्रश्नात मिसळून येते.

निशिगंधाच्या कळ्यांवर रुपेरी किंवा तपकिरी ओरखडे, पाकळ्या कडेने वाळलेल्या, तर फुलकिडे आहेत. कळी पांढऱ्या कागदावर झटकली तर बारीक, सुतासारखे, पळणारे किडे दिसतात. दांडाच खरखरीत, वाकडा, कळ्या चुरगळलेल्या, तपकिरी आणि टणक, असं असेल तर प्रकरण गंभीर. ते अफेलेन्कॉइडिस बेसेई या सूत्रकृमीचं काम असू शकतं. हाच सूत्रकृमी भातावरही येतो. अशी झाडं कंदासकट काढून नष्ट करा आणि त्या जागी, त्या मातीत पुन्हा निशिगंध लावू नका. पानांच्या बुडाशी पांढरी बुरशी आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियम बुरशीची सड, तिथेही माती बदलल्याशिवाय सुटका नाही. डबल फुलांच्या जातीत, काही रोग नसताना, नुसत्या गार-दमट हवेनेही कळ्या अर्धवट उमलून थांबतात. सिंगल जातीला हा त्रास कमी. वासही सिंगलचाच मला जास्त आवडतो, पण तो आवडीचा भाग झाला.

हिपिएस्ट्रमचा दांडा वाकडा, त्यावर आणि पानांवर लाल डाग, लाल चरे, तर बहुधा स्टॅगोनोस्पोरा नावाची बुरशी. मात्र एक सावधगिरी: या झाडाला कुठेही खरचटलं तरी ते लाल रंगानेच दाखवतं, त्यामुळे एखाद्या लाल ठिपक्याने घाबरू नका. डाग वाढत असतील, दांडा त्या बाजूला वाकत असेल, तरच बुरशी समजा. डागाळलेली पानं काढून टाका आणि पानांवरून पाणी घालणं थांबवा. पानं एका रात्रीत अर्धी झाली असतील तर पानाच्या मागच्या बाजूला आणि मानेच्या फटीत बघा. काळ्या अंगावर पांढरे-पिवळे ठिपके असलेल्या अळ्या झुंडीने खातात आणि पानं संपली की कंदात शिरतात. रोज हाताने वेचणं हाच पहिला उपाय. पापुद्र्यांमध्ये पिठ्या ढेकूण लपले असतील तर वरचे सुके पापुद्रे सोलून, कापसाने पुसून काढा. हातमोजे घाला. या कंदात लायकोरिन नावाचा विषारी घटक असतो, आणि घरातल्या मांजर-कुत्र्यांनी कंद चघळला तर उलट्या होतात. कांदा समजून तो चुकून स्वयंपाकघरात जाणार नाही याचीही काळजी घ्या.

दोघं एकाच कुंडीत असतील तर

हे बऱ्याचदा दिसतं, दोन्ही लिलीसारखी म्हणून एकत्र लावलेली. दोघांना वेगळं करा, त्याशिवाय दोन्ही तक्रारी संपणार नाहीत. एकाला कोरडं करायची वेळ येते तेव्हा दुसरं ऐन वाढीत असतं. एकाचा गड्डा दोन वर्षांनी उकरायचा तर दुसऱ्याच्या मुळांना हात लावायचा नाही. एकाला मान बाहेर हवी, दुसऱ्याला चार-पाच सेंटीमीटर माती अंगावर. वेगळं करताना निशिगंध उकरा, हिपिएस्ट्रम जागेवर ठेवा, उलट नको. निशिगंधाला मुळं तुटल्याचं फारसं दुःख नसतं.

सगळं केलं, तरी नाही

ऊन आहे, घेर वाढतोय, मुळांना हात लावलेला नाही, आणि दोन हंगाम गेले तरी हिपिएस्ट्रम फुलत नाही, तर पानं उजेडासमोर धरून बघा. फिकट आणि गडद हिरव्या रंगाचे लांबट, वेडेवाकडे पट्टे दिसले, आणि नवीन पानांतही तेच असेल, तर विषाणूचा मोझॅक रोग असण्याची शक्यता मोठी. त्याला औषध नाही. कंद वर्षानुवर्षं जगतो, थोडा थोडा खंगत जातो, आणि त्याची पिल्लंही तोच रोग घेऊन जन्माला येतात. मावा आणि कापायची सुरी, दोन्हींतून तो शेजारच्या कंदात जातो. असा कंद खतखड्ड्यात न टाकता कचऱ्यात टाका, सुरी धुऊन निर्जंतुक करा, आणि शेजारच्या कुंड्यांची पुढची दोन-तीन पानं येईपर्यंत नजर ठेवा.